जमिनीवरचे जहाज

मंडळी, जहाज पाण्यात असते, हे लहान पोरही सांगेल. पण मुंबईला कुलाब्याच्या बाजूला एक जहाज असे होते, की ते जन्मात कधी पाण्यात उतरले नाही. त्याला शीड नव्हते, सुकाणू नव्हते, नांगर नव्हता. होत्या त्या बराकी, वर्गखोल्या आणि कवायतीचे मैदान. तरी सरकारदरबारी ते जहाजच. त्याचे नाव ‘तलवार’.

खरे म्हणजे ही होती एक शाळा. ब्रिटिश अमदानीतल्या हिंदी आरमारात, म्हणजे ‘रॉयल इंडियन नेव्ही’त, संदेश पाठवण्याचे आणि घेण्याचे काम करणारे नौसैनिक येथे तयार होत. दुसऱ्याने दिलेला संदेश एका अक्षराचाही फरक न करता पोचवायचा, एवढेच काम त्यांना शिकवलेले. पण १९४६ सालच्या फेब्रुवारीत या शाळेतून एक संदेश असा निघाला, की तो कोणा साहेबाने दिलेला नव्हता. तो या पोरांचा स्वतःचा होता. पाच-सहा दिवसांत तो मुंबईपासून कराचीपर्यंत पोचला आणि त्याने दिल्लीचे आणि लंडनचे राज्यकर्ते दचकले. त्या शाळेची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

आधी एक शंका फेडून टाकू. शाळेला जहाज कशाला म्हणायचे? ही चाल इंग्रजांच्या आरमाराची. तिथे प्रत्येक खलाशाचे नाव कोणत्या ना कोणत्या जहाजाच्या पटावर असलेच पाहिजे, असा दंडक. पगार, शिधा, शिस्तीचा कायदा, सारे त्या पटावरून चालायचे. मग जमिनीवर एखादी शाळा किंवा बराक उभी केली, की तिलाही जहाजाचे नाव देऊन टाकायचे. आपल्याकडे तोच कित्ता गिरवला गेला. कराचीला ‘हिमालय’ ही तोफा चालवण्याची शाळा होती, ‘चमक’ ही रडारची, ‘बहादूर’ ही पोरवयाच्या भरतीची. आणि मुंबईला ‘तलवार’ ही संदेशांची. अशा तळांवर पायाखालच्या फरशीला ‘डेक’ म्हणायचे, आणि फाटकाबाहेर बाजारात जायचे झाले, तर ‘किनाऱ्यावर जातो’ म्हणायचे. ऐकून हसू येते खरे. पण समुद्र दिसण्याआधीच पोराच्या अंगात जहाजाची रीत मुरावी, असा त्यात हेतू होता.

आता संदेश म्हणजे काय, तेही पाहू. दोन शेतकरी दोन बांधांवर उभे असले, तर एकमेकांना हाक मारतात. मधे ओढा खळखळत असला, की हाक ऐकू येत नाही. मग हात हलवून किंवा पटका फडकावून खूण करतात. समुद्रावर हीच अडचण शंभरपटीने असते. वारा, लाटा आणि इंजिनांचा आवाज यांत माणसाची हाक कुठली टिकायला! म्हणून आरमाराने डोळ्यांनी वाचायच्या खुणा काढल्या.

पहिली खूण झेंड्यांची. निरनिराळ्या रंगांचे आणि आकारांचे झेंडे दोरीवर चढवायचे. प्रत्येक झेंड्याला एक अक्षर असते, आणि पुष्कळांना स्वतंत्र अर्थही असतो. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर निळ्या कापडात मधोमध पांढरा चौकोन असलेला झेंडा चढला, की समजायचे, जहाज सुटण्याच्या बेतात आहे, सगळ्यांनी वर यावे. दुसरी खूण हातातल्या दोन लहान झेंड्यांची. घड्याळाचे काटे जसे निरनिराळ्या जागी थांबतात, तसे दोन्ही हात ठरलेल्या कोनांत धरायचे. प्रत्येक जोडीचे एक अक्षर. याला सेमाफोर म्हणतात. तिसरी खूण दिव्याची. दिव्यापुढची झडप उघडझाप करून थोडा वेळ किंवा जास्त वेळ उजेड दाखवायचा, आणि त्यातून मोर्सच्या लिपीतली अक्षरे तयार करायची. चौथी म्हणजे बिनतारी. तीच मोर्सची लिपी, पण कानाने ऐकायची.

कोणी म्हणेल, बिनतारी आल्यावर झेंडे आणि दिवे कशाला हवेत? तर त्याचे कारण असे, की बिनतारीचा संदेश आपल्या माणसाला जसा ऐकू येतो, तसा शत्रूलाही येतो. शिवाय तो कोठून आला, ती दिशाही शत्रूला काढता येते. म्हणून लढाईच्या दिवसांत जहाजे बिनतारी बंद ठेवून मुकाट्याने चालत आणि शेजारच्या जहाजाशी झेंड्यांनी किंवा दिव्याने बोलत. यासाठी संदेशवाल्याला चारही भाषा याव्या लागत, आणि त्याही डोलत्या जहाजावर, रात्री-अपरात्री. असे शिक्षण चालत्या जहाजावर देता येत नाही. तिथे चुकायला सवड नसते. म्हणून शाळा जमिनीवर.

या कामाचा पहिला नियम मोठा कडक होता. संदेशाचा अर्थ आपण लावायचा नाही. आला तसा पुढे द्यायचा. या नियमाची एक दुःखद गोष्ट सांगतो. १८९३ सालच्या जून महिन्यात भूमध्य समुद्रात, त्रिपोलीजवळ, ब्रिटिश आरमाराच्या दोन रांगा शेजारी शेजारी चालल्या होत्या. अ‍ॅडमिरल ट्रायन यांनी झेंडे चढवून हुकूम दिला, की दोन्ही रांगांनी आतल्या बाजूला, एकमेकींकडे, वळावे. मधले अंतर त्याला पुरेसे नव्हते. दुसऱ्या रांगेचे प्रमुख घुटमळले. त्यांनी झेंडा अर्ध्यावर धरून ‘हुकूम नीट कळला नाही’ अशी खूण केली. वरून विचारणा झाली, कशाची वाट पाहता? मग हुकूम पाळला गेला, आणि ‘कँपरडाउन’ हे जहाज अ‍ॅडमिरल होते त्या ‘व्हिक्टोरिया’वर आदळले. ३५८ माणसे बुडाली. अ‍ॅडमिरलही त्यांत गेले. झेंड्यांत चूक नव्हती. संदेश बिनचूक पोचला होता. चूक हुकमात होती, आणि ती अनेकांना दिसत होती.

आता ‘तलवार’कडे येऊ. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा हिंदी आरमार फारच लहान होते. सगळे मिळून दोन हजारांच्या आत-बाहेर माणसे. तोवर त्याच्या खलाशांत आपल्या रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा आणि पंजाबी मुसलमानांचा भरणा मोठा होता. युद्धामुळे माणसांची निकड वाढली आणि देशाच्या सगळ्या भागांतून भरती सुरू झाली. युद्ध संपता संपता ही संख्या तीस हजारांच्या घरात गेली. बंगाली, मद्रासी, पंजाबी, मराठी. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती अशी पोरे एका बराकीत निजू लागली.

संदेशाच्या कामाला इंग्रजी वाचता-लिहिता येणारा माणूस लागे. त्यामुळे ‘तलवार’मध्ये येणारी पोरे इतर खलाशांपेक्षा जास्त शिकलेली असत. शिवाय त्यांचे कामच जगभरच्या बातम्या ऐकण्याचे. यंत्राला कान लावून बसायचे, आणि कोठे काय चालले आहे ते सर्वांच्या आधी समजायचे. युद्धात ती ब्रह्मदेशाच्या आणि मलायाच्या किनाऱ्यापर्यंत गेली होती. स्वातंत्र्यासाठी लढतो आहोत, असे त्यांना सांगितले गेले होते. मग साहजिकच त्यांनी मनाशी विचारले, कोणाच्या स्वातंत्र्यासाठी? युद्ध संपल्यावर, १९४५ च्या अखेरीस, दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला, आणि हा प्रश्न बराकीबराकींत ऐकू येऊ लागला.

घरचे दुखणेही होतेच. भरतीच्या वेळी दिलेली आश्वासने पाळली गेली नव्हती. गोऱ्या खलाशाचा पगार, भत्ता आणि जेवण एका प्रतीचे, हिंदी खलाशाचे दुसऱ्या प्रतीचे. डाळ-भातात खडे. युद्ध संपल्यामुळे नोकरी सुटणार, आणि सुटताना अंगावरचे कपडेसुद्धा परत करायचे. ही अवस्था सगळ्याच तळांवर होती. ‘तलवार’ मात्र ती शब्दांत मांडू शकत होती.

१९४५ च्या डिसेंबरच्या पहिल्या तारखेला आरमार दिन होता. त्या दिवशी मुंबईकरांना तळ दाखवायचा बेत होता. सकाळी पाहतात तो काय, भिंतींवर ‘चले जाव’ आणि ‘इन्किलाब’च्या घोषणा रंगवलेल्या! पुढे २ फेब्रुवारी १९४६ ला सरसेनापती ऑकिन्लेक यांच्या भेटीच्या वेळी पुन्हा तसेच घडले. या वेळी बलाईचंद्र दत्त नावाचा एक तरुण टेलिग्राफिस्ट पकडला गेला. त्याने नाकबूल केले नाही.

तळाचे प्रमुख होते कमांडर किंग. ८ फेब्रुवारीला त्यांनी बराकीतल्या पोरांना आईबापांवरून शिव्या दिल्या. त्या येथे छापण्याजोग्या नाहीत. पोरांनी आधी दंगा केला नाही. त्यांनी रीतसर लेखी तक्रारी दिल्या. तक्रारीचे निवारण झाले नाही. उलट, खोटी तक्रार करणे हा गुन्हा आहे, एवढे त्यांना बजावण्यात आले. शिक्षक बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. कागदावर, नियमाने, वरिष्ठांमार्फत सांगून पाहिले होते. संदेश बरोबर पाठवला होता. पलीकडे तो कोणी घेतला नाही.

१८ फेब्रुवारी १९४६, सोमवार. सकाळच्या न्याहारीला ‘तलवार’मधल्या सुमारे ११०० पोरांनी हात लावला नाही. अन्न नाही तर काम नाही, असे म्हणून ती बसून राहिली. रिअर अ‍ॅडमिरल रॅट्रे समजूत घालायला आले, पण कोणी बधले नाही.

पुढच्या गोष्टीत शाळेच्या विद्येचा खरा प्रताप दिसतो. आणखी कोठल्या तळावर अन्नावरून संप झाला असता, तर तो त्या फाटकाच्या आतच विझला असता. पण जहाजाजहाजांवर आणि बंदराबंदरांत यंत्रापाशी बसलेली माणसे याच धंद्यातली होती. पुष्कळ जण याच शाळेतून गेलेली. त्यांना ‘तलवार’ची खबर मिळायला किती वेळ लागणार? शिवाय वर्तमानपत्रे आणि रेडिओ यांनीही ती पसरवली. दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, मुंबई बंदरातली जहाजे आणि किनाऱ्यावरच्या कॅसल बराकी, फोर्ट बराकी सामील झाल्या. जहाजांवरचे ब्रिटिश निशाण खाली आले आणि त्याच्या जागी काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे शेजारी शेजारी चढले. झेंड्यांची भाषा शिकलेल्या पोरांनी चढवलेले हे झेंडे. त्यांचा अर्थ सांगायला कोणी लागला नाही.

त्याच दिवशी मध्यवर्ती संप समिती निवडली गेली. अध्यक्ष झाले सिग्नलमन एम. एस. खान आणि उपाध्यक्ष टेलिग्राफिस्ट मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख, दोघेही संदेशवाले. मागण्यांच्या यादीत चांगले अन्न, गोऱ्यांच्या बरोबरीचा पगार आणि किंग यांच्यावर कारवाई तर होतीच. पण त्याच कागदावर आझाद हिंद सेनेच्या लोकांना आणि सर्व राजबंद्यांना सोडा, इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा, असेही लिहिले होते. एकूण ७८ जहाजे, २० तळ आणि सुमारे २०,००० नौसैनिक या उठावात आले, असा आकडा सांगितला जातो.

२१ तारखेला कॅसल बराकीपाशी गोळीबार झाला. आतून खलाशांनीही उत्तर दिले. त्याच दिवशी आरमाराचे प्रमुख, व्हाइस अ‍ॅडमिरल गॉडफ्रे, रेडिओवरून बोलले. सरकारपाशी प्रचंड बळ आहे आणि वेळ पडली तर आरमाराचा नाश झाला तरी ते वापरले जाईल, अशी ती धमकी होती. जहाजांवर शिधा संपत आला होता. तेव्हा मुंबईची माणसे काय करतात? ती फळे, पाव, दूध, शिजवलेले अन्न घेऊन गेट वे ऑफ इंडियापाशी आली. दुकानदारांनी पोरांना पैसे न घेता खाऊ घातले. अन्नावरून सुरू झालेल्या या गोष्टीत हा प्रसंग विसरू नये.

२२ तारखेला मुंबई बंद झाली. गिरण्या थांबल्या, रेल्वेचे कारखाने थांबले. रस्त्यांवर लष्कर आले आणि गोळीबार झाला. सरकारी हिशेबानेच २०० हून अधिक नागरिक मेले, आणि जखमी हजाराच्या वर. परळला कमल दोंदे नावाची कार्यकर्ती गोळी लागून गेली. मेलेल्यांत बहुतेक गिरणगावातले कामकरी. त्यांतल्या कित्येकांचे घर कोकणात, देशावर, तुमच्या-आमच्या गावांत. तिकडे कराचीला ‘हिंदुस्तान’ जहाज आणि किनाऱ्यावरच्या तोफा यांची जुंपली, आणि त्या जहाजाला शरण यावे लागले.

पुढारी मंडळींत या वेळी एकमत नव्हते. अरुणा असफअली संपकऱ्यांच्या बाजूने होत्या. महात्मा गांधींना हा मार्ग पसंत नव्हता. सरदार पटेलांनी शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला. कोणावर सूड घेतला जाऊ नये म्हणून काँग्रेस प्रयत्न करील, असे सांगितले. जिनांनीही तसेच आवाहन केले. समितीने रात्रभर खल केला. २३ फेब्रुवारीला सकाळी जहाजांवर काळे झेंडे चढले. आम्ही ब्रिटिशांना नव्हे, हिंदुस्थानला शरण जात आहोत, असे समितीने जाहीर केले. तिचा शेवटचा संदेश तोच.

पण संदेशाची ठिणगी तेवढ्यावर विझली नाही. फेब्रुवारी संपता संपता जबलपूरला लष्कराच्या संदेश-शिक्षण केंद्रातल्या जवानांनीही संप केला.

मग झाले काय? पोरांना पकडून छावण्यांत डांबले. ४०० हून अधिक नौसैनिकांना काढून टाकले. सरकारने न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांचा चौकशी आयोग नेमला. निकृष्ट अन्न, पगारातला भेद, अधिकाऱ्यांची वागणूक, न पाळलेली आश्वासने, ही दुखणी खरी होती, हे आयोगापुढे आले. म्हणजे त्या पहिल्या लेखी तक्रारी खोट्या नव्हत्या. पण त्या करणारे घरी बसले होते. १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याची फाळणीही झाली; काढलेल्यांना ना इकडच्या आरमाराने परत घेतले, ना तिकडच्या. बलाईचंद्र दत्त मुंबईला वर्तमानपत्रात काम करू लागले आणि १९७१ साली त्यांनी या उठावावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुष्कळ वर्षांनी स्वतंत्र भारताच्या सरकारने स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी मान्य केलेल्या लढ्यांत या उठावाचे नाव घातले. कुलाब्यात आज त्याचे स्मारक उभे आहे. नौदलाची संदेशशाळा आज कोचीला आहे.

शिक्षकांना येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. इंग्रज या संपामुळेच गेले, असे मुलांना सांगू नका. वाटाघाटींसाठी मंत्र्यांचे शिष्टमंडळ हिंदुस्थानात पाठवण्याची घोषणा १९ फेब्रुवारीला लंडनला झाली खरी, पण ते आधीच ठरलेले होते. मात्र एक गोष्ट या पाच दिवसांनी पक्की केली. परक्या राज्याचा गाडा ज्या हिंदी सैनिकांच्या खांद्यावर चालत होता, ते खांदे आता जू घ्यायला तयार नव्हते. बैल अडून बसला, म्हणजे आसूड कितीही मोठा असला तरी गाडीवानाला उतरावेच लागते, हे तुम्हां शेतकऱ्यांना मी वेगळे काय सांगू!

आणि मुलांना सांगताना नुसत्या सनावळ्या सांगू नका. मैदानावर दोन पोरे शंभर पावलांवर उभी करा. त्यांच्या हातांत दोन-दोन रुमाल द्या आणि पाच-सहा अक्षरांच्या खुणा ठरवा. एकाने शब्द पाठवावा, दुसऱ्याने ओळखावा. शब्द घेणाऱ्याने ‘मिळाला’ अशी खूण उलट करावी, हा नियम मात्र सोडू नका. ती खूण येत नाही तोवर पाठवणाऱ्याला पुन्हा पुन्हा हात हलवावे लागतात, आणि शेवटी तो ओरडू लागतो. मुलांनी हे एकदा करून पाहिले, की ‘तलवार’च्या पोरांनी न्याहारीचे ताट दूर का सारले, ते त्यांना तुम्ही न सांगताच उमगेल.